आधी रहिवासी ठरवा, मग वाळू

या वेळच्या पत्रांमध्ये रीफ टाकीच्या, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, तळाबद्दलचे प्रश्न इतके आले की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवून हा सगळा भाग वाळूलाच दिला आहे. मला त्याचा आनंद आहे. दिव्यांवर आणि पंपांवर लोक महिनोन्‌महिने चर्चा करतात आणि वाळू मात्र शेवटच्या दिवशी, हाताला लागेल ती पिशवी उचलून घालतात. खरं तर दिवा बदलता येतो, पंप बदलता येतो. मासे आणि प्रवाळ वसलेल्या टाकीतून वाळू बदलणं मात्र फार कष्टाचं आणि जोखमीचं काम आहे.

प्रश्न : ताई, गोड्या पाण्याची टाकी बरीच वर्षं सांभाळल्यावर आता रीफ टाकी उभी करतोय. काच 90 बाय 45 बाय 45 सेंटीमीटर. सुरुवातीला क्लाउनफिशची जोडी आणि सॉफ्ट कोरल, पुढे एक पिवळा रॅस आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपांचे, कठीण सांगाड्याचे) कोरल ठेवायचा विचार आहे. एक मित्र म्हणतो, जाड कोरल चुरा घाल, पीएच आणि कॅल्शियम आपोआप टिकतं. दुसरा म्हणतो, बारीक पांढरी वाळूच घे. कुणाचं ऐकू? आणि किती किलो घेऊ?

तुमचा निर्णय तुमच्या यादीतल्या पिवळ्या रॅसने आधीच करून टाकलाय. हॅलिकोइरिस जातीचे हे मासे दिवे मंदावले की डोकं खाली करून वाळूत शिरतात आणि रात्रभर तिथेच झोपतात. घाबरले तरी तिथेच शिरतात. नवीन आणलेला रॅस पहिले एकदोन दिवस वाळूतून बाहेरच येत नाही, मेला समजून त्याला उकरून काढू नका. असा मासा जाड, कडांना धार असलेल्या चुऱ्यात रोज घुसला तर त्याच्या अंगावर आणि तोंडाजवळ ओरखडे पडतात, आणि ओरखड्यांतून संसर्ग होतो. त्याला बारीक, गोलसर दाण्यांची वाळू हवी आणि ती किमान 5 सेंटीमीटर खोल हवी. म्हणजे तुमचे दुसरे मित्र बरोबर आहेत. आणि हो, टाकीवर जाळीचं झाकण घाला, रॅस उडी मारतो.

आता पीएचचं. हा समज फार जुना आहे आणि त्याच्या मुळाशी अर्धं सत्य आहे. रीफसाठी मिळणारी वाळू बहुतेक ॲरागोनाइटची असते. ॲरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं एक स्फटिकरूप, प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच. आम्लात ते विरघळतं आणि विरघळताना कॅल्शियम आणि क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद) पाण्याला देतं. इथपर्यंत खरं. पण रीफ टाकीचं पाणी आम्लधर्मी नसतं. पीएच 7.8 ते 8.4 च्या दरम्यान असतो आणि कॅल्शियम, क्षारता नेहमीच्या पातळीवर असताना अशा पाण्यात ॲरागोनाइट जवळपास विरघळतच नाही. पीएच साधारण 7.7 च्या खाली गेला तर ते विरघळू लागतं, आणि तिथपर्यंत टाकी जाऊ द्यायची नसते. कॅल्शियम रिॲक्टरमध्ये हाच माल वापरतात, पण त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणावा लागतो, तेव्हा कुठे तो कामाला येतो. वाळूच्या थराच्या आत, जिथे जिवाणूंच्या श्वसनामुळे पीएच खाली गेलेला असतो, तिथे थोडंफार विरघळतं. वाढणाऱ्या प्रवाळांची भूक तेवढ्याने भागत नाही. कॅल्शियम 420 पीपीएमच्या (दशलक्षात भाग) आसपास आणि क्षारता 8 ते 9 डीकेएच (क्षारता मोजायचं एकक) ठेवायची तर पाणी बदलून किंवा डोसिंग करूनच, म्हणजे रसायनं मोजून घालूनच, ठेवावी लागते. वाळूच्या भरवशावर टेस्ट किट बाजूला ठेवू नका.

मग ॲरागोनाइटच का घ्यायचं? माझ्या मते दोन कारणं पुरेशी आहेत. ते या पाण्याच्या रसायनाशी भांडत नाही, आणि वाळूत राहणारे प्राणी ज्या दाण्यांत वाढले ते दाणे असेच असतात. समुद्रातली प्रवाळाजवळची पांढरी वाळू बहुतांश सजीवांनीच बनवलेली असते. पोपटमासा प्रवाळाचा पृष्ठभाग चावून घशातल्या दातांनी दळतो आणि मागून वाळू टाकतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. हॅलिमेडा नावाच्या शेवाळाच्या चुनखडीच्या चकत्या, फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचं, शंखशिंपल्यांचे तुकडे, सगळं त्यात असतं. अगदी बारीक, गुळगुळीत गोल दाणे मात्र वेगळ्या प्रकारे होतात. बहामाच्या उथळ, कोमट समुद्रात एखाद्या कणाभोवती ॲरागोनाइटचे थरावर थर बसत जातात आणि लाटांमध्ये लोळून तो दाणा गोल होतो. ही ऊलिटिक वाळू. भिंगाखाली तिचे दाणे मोत्यासारखे दिसतात. रॅसला आणि वाळू चाळणाऱ्या गोबी माशाला ती फार मानवते, पण ती इतकी हलकी आणि बारीक असते की जोराच्या प्रवाहात उडते.

म्हणून तुमच्यासाठी मी मधला दाणा सुचवते : मुख्यतः 0.5 ते 1.5 मिलिमीटर, थोडे 2 मिलिमीटरपर्यंतचे दाणे मिसळलेले असले तरी चालतील. हा दाणा रॅसला टोचत नाही, पॉवरहेडच्या (टाकीत प्रवाह देणाऱ्या छोट्या पंपाच्या) झोताने सहसा उडत नाही, आणि त्यात कचरा फार खोल शिरत नाही. 2 ते 5 मिलिमीटरच्या कोरल चुऱ्याचा खरा दोष हाच आहे. दाण्यांमधल्या फटी मोठ्या, त्यामुळे माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं सरळ खाली जाऊन बसतं, आणि फटींतले प्राणी ते फस्त करू शकतील इतके नसतात. वरून तळ स्वच्छ दिसतो आणि नायट्रेट वाढत राहतं. ज्यांना दर आठवड्याला सायफनने तळ उपसायची खरोखर सवय आहे त्यांनी चुरा घालावा, बाकीच्यांनी घालू नये.

किलोचा हिशेब सोपा आहे. 90 गुणिले 45 गुणिले 5 म्हणजे 20,250 घनसेंटीमीटर, वीस लिटरांच्या थोडं वर. कोरडी ॲरागोनाइट वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे तीस किलो. पण दगड आधी काचेवर बसवायचे आणि वाळू नंतर त्यांच्याभोवती ओतायची, त्यामुळे दगडांखालची जागा वजा होते. दगडांनी तळाचा पाचवा हिस्सा व्यापला तर 24-25 किलो पुरतील. दगड आधी बसवणं ही सोयीची नव्हे, सुरक्षिततेची गोष्ट आहे. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली गोबीने किंवा पिस्तूल कोळंबीने उकरलं की दगड घसरतो आणि काच किंवा मासा, दोन्हीपैकी काहीतरी जातं. काचेला ओरखडा पडेल ही भीती असेल तर दगडाखाली ॲक्रिलिकची पातळ पट्टी घाला.

प्रश्न : नायट्रेट कमी ठेवण्यासाठी 10 ते 15 सेंटीमीटरचा खोल वाळूथर घालावा असं जुन्या लिखाणात वाचलं. खाली जाळीची पोकळी सोडून वर वाळू घालायची प्लेनमची पद्धतही वाचली. नवीन लोक मात्र दोन-तीन सेंटीमीटरच घालतात. खरं काय?

दोन्ही पद्धतींमागचं शास्त्र एकच आहे आणि ते खरं आहे. ऑक्सिजन जिथे पोचत नाही तिथे काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात, आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन पाण्यातून निघून जातो. खोल थरात अशी जागा भरपूर मिळते. मोनॅकोत काम करणारे जाँ जोबेर यांनी वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवायची पद्धत मांडली आणि ती लोकप्रिय झाली. पुढे 1990 च्या दशकात रॉन शिमेक यांच्यासारख्या जीवशास्त्रज्ञांनी पोकळीशिवायचा, बारीक वाळूचा आणि किड्यामुंग्यांएवढ्या प्राण्यांनी गजबजलेला खोल थर लोकांना पटवून दिला. 2005 मध्ये रॉब टूनेन आणि क्रिस्टोफर वी यांनी प्लेनम असलेले-नसलेले, खोल-उथळ, जाड-बारीक असे थर शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. पोकळीमुळे काही खास फायदा होतो असं त्यात दिसलं नाही. म्हणून प्लेनमच्या खटपटीत आज कुणी पडावं असं मला वाटत नाही.

खोल थराबद्दल माझं मत थोडं मऊ आहे. तो चालतो, पण एका अटीवर. वाळू बारीक हवी आणि तिच्यात राहणारे प्राणी टिकले पाहिजेत : ब्रिसल वर्म, छोटे ॲम्फिपॉड, नॅसॅरियस गोगलगायी, एखादी समुद्रकाकडी. हे प्राणी वरचे दोन-तीन सेंटीमीटर सतत हलवत राहतात, म्हणून थर दगडासारखा घट्ट होत नाही. तो खालपर्यंत उकरायचा नसतो, आणि त्यावर वाळू चाळणारा अ‍ॅस्ट्रोपेक्टेन तारामासा तर मुळीच सोडायचा नसतो. थर स्वच्छ करणारा म्हणून तो विकला जातो, पण प्रत्यक्षात तो वाळूतले नेमके हेच प्राणी खातो आणि ते संपले की काही महिन्यांत स्वतः उपाशी मरतो. बिचाऱ्याचे हात टोकाकडून झिजायला लागतात तेव्हा मालकाला कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. घरगुती आकाराच्या टाकीत तो आणूच नये, असं मी ठामपणे सांगते.

आज उथळ थर का चालतो, याचं कारण असं की बारीक वाळूत ऑक्सिजन वरच्या एखाद-दोन सेंटीमीटरमध्येच संपतो. शिवाय सच्छिद्र दगडांच्या आत हेच काम चालू असतं. चांगला स्किमर (पाण्यातला कचरा फेसातून काढणारं यंत्र), नियमित पाणी बदलणं आणि माफक खाणं असेल तर नायट्रेटसाठी पंधरा सेंटीमीटर वाळूची गरज उरत नाही. तितकी वाळू टाकीची उंचीही खाते.

खोल थर खरोखर कुणाला हवा, तर जॉफिशला. तो उभं बीळ खणतो आणि त्याच्या भिंती लहान दगड, शिंपल्यांचे तुकडे रचून पक्क्या करतो. त्याला 12 ते 15 सेंटीमीटर खोली हवी आणि वाळूत वेगवेगळ्या आकाराचे तुकडेही हवेत, नुसत्या बारीक वाळूत बीळ ढासळत राहतं. गार्डन ईलला तर त्याहूनही खोल. असा प्राणी ठेवायचा असेल तर त्याच्यासाठी खोल थर घाला.

मधलाच, सात-आठ सेंटीमीटरचा जाड चुऱ्याचा थर मात्र टाळा. स्वच्छ करायला तो खोल पडतो, आणि नायट्रेट घालवण्याचं काम त्याच्या हातून नीट होत नाही.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये शिकतो, पैसे जपून वापरावे लागतात. किनाऱ्यावरची वाळू आणली तर चालेल का? किंवा बांधकामाची, नाहीतर फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू? ताई, काळी वाळू मला फार आवडते, तिचंही सांगा.

किनाऱ्यावरची आणू नकोस. ती बघायला स्वच्छ असली तरी तिच्यात तेल, सांडपाणी, जड धातू काय काय असेल हे घरी तपासता येत नाही, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. बांधकामाच्या वाळूत माती आणि लोहखनिजाचे कण असतात, तीही नको. गोड्या पाण्यातल्या झाडांसाठी मिळणारी खत घातलेली माती तर अजिबात नको, ती पीएच खाली आणते.

सिलिका वाळूची बदनामी मात्र गरजेपेक्षा जास्त झाली आहे. तिच्यामुळे टाकीत तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळं) येतात असं म्हणतात, कारण डायटमची कवचं सिलिकाची असतात. पण क्वार्ट्झ पाण्यात इतक्या सावकाश विरघळतं की त्यातून मिळणारं सिलिकेट नगण्य असतं. नव्या टाकीत डायटम येतात ते बहुतेक वेळा नळाच्या पाण्यातल्या सिलिकेटमुळे. आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी वापरलंस आणि वाळू गोलसर दाण्यांची, स्वच्छ, रंग न दिलेली असेल, तर ती चालते. फक्त धारदार कडांची नको, आणि वाळूत शिरणारा मासा ठेवणार असशील तर शक्यतो नकोच. पैसे वाचवायचेच असतील तर जागा झाकण्यापुरती, दोन सेंटीमीटर ॲरागोनाइट घाल. कमी वाळू हा वाईट पर्याय नाही.

पिशवीत काय आहे ते स्वतः बघायची एक युक्ती सांगते. काचेच्या वाटीत चिमूटभर वाळू घे आणि वरून पांढरं व्हिनेगर ओत. कार्बोनेट असेल तर दाण्यांवरून बारीक बुडबुड्यांच्या रेषा वर येतात, वाटी कानाजवळ नेलीस तर चुरचुर ऐकू येते आणि थोड्या वेळाने पाणी धुरकट होतं. सिलिका असेल तर दाणे नुसते पडून राहतात. काही दाणे फसफसले आणि काही गप्प राहिले, तर ती मिसळलेली वाळू आहे.

काळ्या वाळूला व्हिनेगरबरोबर चुंबकही लाव. ज्वालामुखीच्या खडकापासून झालेल्या काही वाळूंत लोहाचे चुंबकीय कण असतात. काच पुसायच्या चुंबकाला ते चिकटतात आणि पुसताना काचेवर कायमचे चरे ओढतात. पॉवरहेडच्या फिरत्या चुंबकाभोवती जमले तर पंपही खराब होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरव. पिशवीला काळी दाढी आली तर ती वाळू परत कर.

प्रश्न : माझ्याकडे बहुतेक ॲक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा आहेत. प्रवाह वाढवला की वाळूचे ढीग एका कोपऱ्यात आणि दुसरीकडे काच उघडी. कोरलवरही वाळू बसते. तळ मोकळाच ठेवू का?

ठेवा. तुमच्या प्रवाळांना प्रवाह हवा, आणि वाळूसाठी तो कमी करणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. ॲक्रोपोराच्या फांदीवर साचलेली वाळू तो फार काळ झटकू शकत नाही, त्या जागेचं मांस मरतं. मोकळ्या तळावर कचरा प्रवाहाने उचलला जातो आणि स्किमरपर्यंत पोचतो, किंवा एका जागी जमतो आणि तिथून ओढून घेता येतो. काही महिन्यांत कोरलाइन शेवाळ काचेवर चढून तळ जांभळा-गुलाबी होतो, आणि तो दिसायला सुंदर असतो.

तोटे सांगते म्हणजे नंतर आश्चर्य वाटणार नाही. पांढरी वाळू प्रकाश परत वर फेकते आणि प्रवाळाच्या खालच्या बाजूंना तो मिळतो. मोकळ्या तळावर खालच्या फांद्या थोड्या फिक्या पडू शकतात. वाळूतले सूक्ष्म प्राणी आणि त्यांची विविधता जाते. आणि नवीन टाकी असेल तर ती स्थिर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे दगड चांगले, सच्छिद्र आणि पुरेसे हवेत. जर थोडी तरी वाळू हवीच असेल तर 1 ते 3 मिलिमीटरचा दाणा, दोन सेंटीमीटरच्या आत, आणि पॉवरहेडचं तोंड थोडं वरच्या दिशेला.

ट्रॅकीफिलिया, फंगिया, एलिगन्स यांसारखे कोरल मात्र मोकळ्या काचेवर ठेवू नका. समुद्रात ते वाळूवर किंवा गाळावर बसतात. दिवसा फुगताना त्यांचं मांस सांगाड्याच्या कडेबाहेर पसरतं आणि खडबडीत पृष्ठभागावर घासून फाटतं. ज्यांच्याकडे असे कोरल आहेत त्यांनी त्यांच्यापुरता एक शांत, मऊ वाळूचा कोपरा राखावा.

प्रश्न : टाकी चार महिन्यांची आहे. वाळूवर तपकिरी थर येतो, काढला की परत येतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आहेत, तरी असं का? वाळू बदलू का?

वाळू बदलू नका. आणि दोन्ही शून्य आहेत ही चांगली बातमी समजू नका, बहुधा तेच कारण आहे.

आधी तो थर काय आहे ते ओळखा. सायनोबॅक्टेरिया असेल तर तो बहुधा लालसर-जांभळा असतो आणि चिमटीत धरला तर कापडासारखा अखंड उचलला जातो. डायटम असतील तर सोनेरी-तपकिरी धूळ दिसते, फुंकर मारल्यासारखा पाण्याचा झोत दिला की उडते. डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो, एक प्रकारचे एकपेशीय जीव) असतील तर चिकट, शेंबडासारखे धागे दिसतात, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, रात्री थर विरळ होतो आणि दिवे लागून काही तास झाले की पुन्हा दाट होतो. खात्री करायची असेल तर पिपेटने थोडा थर एका स्वच्छ बरणीत टाकीच्या पाण्यासह घ्या, झाकण लावून जोरात हलवा, कागदाच्या कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. डायनो असतील तर स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात पुन्हा धागे जुळून तरंगायला लागतात. शाळेतलं साधं सूक्ष्मदर्शक मिळालं तर आणखी चांगलं : डायटम काचेच्या होडीसारखे ताठ दिसतात, डायनो अंडाकृती असतात आणि पोहतात.

तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून मला डायनोच वाटतात. पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट संपलं की बाकीची शेवाळं आणि जिवाणू मागे पडतात, आणि उपाशी परिस्थितीत टिकून राहणारे डायनो मोकळी जागा घेतात. तुमची वाळूही यात एक भूमिका बजावते. नवीन ॲरागोनाइट आपल्या पृष्ठभागावर फॉस्फेट धरून ठेवतं, त्यामुळे खाणं घातलं तरी टेस्टमध्ये फॉस्फेट दिसत नाही. (नंतर, पाण्यातलं फॉस्फेट कमी केलं की तेच ती सोडायलाही लागते. जुन्या टाकीत फॉस्फेट रिमूव्हर घालूनही आकडा हट्टाने वर राहतो, त्याचं हे एक कारण.)

उपाय म्हणजे आकडे शून्यावरून वर आणणं. फॉस्फेट रिमूव्हर काढा, खाणं थोडं वाढवा किंवा नायट्रेट-फॉस्फेटचा डोस द्या. नायट्रेट 5 पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएम ठेवा. वाळू जोवर फॉस्फेट खाते तोवर आकडा हलणार नाही, रोज मोजत राहा. या काळात वारंवार पाणी बदलू नका. ऑस्ट्रिऑप्सिससारखे डायनो रात्री पाण्यात उतरतात, त्यांच्यावर यूव्ही दिवा चांगला चालतो. मोठ्या पेशींचे ॲम्फिडिनियम वाळूतच राहतात, यूव्हीपर्यंत येतच नाहीत, त्यांना आकडे सुधारून आणि बाकीच्या जीवांना जागा घेऊ देऊनच हरवावं लागतं. त्याला कित्येक आठवडे लागतात. गोगलगायी मरताना दिसल्या तर त्यांना वेगळ्या भांड्यात काढा, काही डायनो विषारी असतात.

प्रश्न : जुन्या टाकीची वाळू नव्या जागी नेताना तशीच वापरता येईल का? काचेतून बघितलं तर तळाशी काळे पट्टे दिसतात.

तशीच अजिबात नाही. काळे पट्टे म्हणजे ऑक्सिजन आणि नायट्रेट दोन्ही संपलेल्या जागी सल्फेट वापरणारे जिवाणू आहेत. ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि त्याचा लोहाशी संयोग होऊन काळा रंग येतो. जागच्या जागी, न हलवता ते पट्टे सहसा काही करत नाहीत. पण सगळी वाळू एकदम उपसली तर कुजक्या अंड्यांचा वास सुटतो, आणि तो वायू माशांना मारतो. शिवाय साठलेला सगळा कचरा पाण्यात येतो आणि अमोनिया चढतो.

मासे, प्रवाळ आणि दगड आधी टाकीतल्या स्वच्छ पाण्यासह वेगळ्या भांड्यांत काढा. मगच वाळूला हात लावा, खिडक्या उघड्या ठेवून. वरच्या एखाद्या सेंटीमीटरमधली स्वच्छ वाळू एक-दोन वाट्या बाजूला ठेवा, नव्या थरावर ती भुरभुरली की प्राणी आणि जिवाणू पुन्हा वसतात. बाकीची टाकून नवीन घ्या, असंच मी सांगेन. जुनीच वापरायची असेल तर बादलीत घेऊन गोड्या पाण्याने, पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत धुवा. त्यातले जीव मरतात, म्हणून अर्धवट धुतलेली वाळू न धुतलेल्या वाळूइतकीच वाईट. धुतलेली वाळू घातल्यावर अमोनिया रोज तपासा.

जागा न बदलता फक्त वाळू काढायची असेल तर घाई करू नका. पाणी बदलायच्या दिवशी साध्या नळीने तळाचा एक पट्टा, फार तर चौथा हिस्सा, वाळूसकट ओढून घ्या आणि पुढचा हिस्सा पुढच्या आठवड्यात. बदलीचं पाणी 35 पीपीटी (हजारात 35 भाग) खारेपणाचं आणि टाकीच्याच तापमानाचं असू द्या. वाळूत झोपणारा मासा असेल तर त्याचा कोपरा शेवटी.

प्रश्न : पाण्यासकट पाकिटबंद मिळणारी 'लाइव्ह सँड' घ्यावी का? आणि चालू टाकीत वाळू घातल्यावर पाणी किती दिवस दुधाळ राहतं?

पाकिटातल्या वाळूत जिवाणू असतात, पण जिवंत समुद्रतळावरचे किडे, कोळंब्या त्यात नसतात. सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वसण्याची प्रक्रिया) थोडी लवकर सुरू व्हायला तिचा उपयोग होतो, टाकी लगेच मासे घेण्याजोगी होत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय काही सोडू नका. कोरडी वाळू आणि निरोगी, रोगमुक्त टाकीतली वाटीभर वाळू हा माझा आवडता मेळ आहे. कोरडी वाळू धुऊन घ्या, पाकिटातली ओली धुऊ नका.

चालू टाकीत घालायची असेल तर पंप बंद करा, रुंद पीव्हीसी पाइप तळापर्यंत उभा धरा आणि धुतलेली ओली वाळू वरून थोडी थोडी त्यात सोडा. ती थेट तळाशी उतरते आणि ढग कमी उठतो. अर्धा तास थांबून पंप सुरू करा, सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) जाड फ्लॉस, म्हणजे कापसासारखी गाळणी, लावा. एक ते तीन दिवसांत पाणी निवळतं. कोरलवर पडलेले दाणे पिपेटच्या हलक्या झोताने त्याच दिवशी उडवा.